बिबट्याच्या गावात व्हॉलंटियर म्हणून जायचंय? आधी संध्याकाळी सातचं बोला

प्रश्न असा आलाय की "मी पुण्यात नोकरी करतो, शनिवार-रविवार मोकळा असतो, वन्यजीवांची आवड आहे, जुन्नर-आंबेगाव-शिरूर भागात बिबट्याबद्दल जनजागृती करायला व्हॉलंटियर म्हणून यायचंय, तर कोणता कोर्स करावा लागेल आणि गावात नेमकं काय शिकवायचं असतं?" मी गेली बारा वर्षं ह्याच पट्ट्यात हे काम करतोय म्हणून जरा सविस्तरच लिहितो, कारण दरवर्षी चांगली चांगली पोरं येतात आणि दोन फेऱ्या झाल्या की परत दिसत नाहीत. त्यांची तळमळ खरी असते, पण गावात काय समोर येणार आहे हे त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं.

कोर्सचं आधी उरकतो. डिग्री लागत नाही. वनखात्याची परवानगी मात्र पाहिजेच, म्हणजे ज्या रेंजमध्ये (वनपरिक्षेत्रात) जाणार तिथल्या आरएफओ साहेबांना (वनक्षेत्रपाल) लेखी पत्र द्यायचं, आणि त्या भागाच्या गार्डशी (वनरक्षक) ओळख करून घ्यायची. गार्ड हा तुमचा खरा गुरू. कुठल्या वस्तीवर गेल्या आठवड्यात शेळी गेली, कुठल्या विहिरीला कठडा नाही, कुठलं घर खात्यावर चिडलेलं आहे, सगळं त्याला तोंडपाठ असतं. त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून चार दिवस फिरलात तर वर्षभराचं शिकाल.

आता मुद्द्याचं. तुम्हाला बिबट्या आवडतो ते ठीक, पण ती आवड गावात वाटायला जाऊ नका. माझी पहिली दोन वर्षं मी हेच केलं. प्रोजेक्टर घेऊन जायचो, शाळेच्या भिंतीवर फोटो दाखवायचो, तो किती देखणा, निसर्गसाखळीत त्याचं स्थान काय, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो कसा, सगळं मन लावून सांगायचो. एकदा कार्यक्रम संपल्यावर एक बाई पुढं आल्या, हातात विळा तसाच, थेट गवत कापून आलेल्या. म्हणाल्या, "दादा, समदं पटलं. पण आज लाईट रातच्याला हाये, मालक दारं धरायला जाणार. एकटंच. त्येंनी काय करायचं तेवढं सांगा." शेतीची वीज रात्रपाळीची असली की रात्रीच रानात जाऊन पिकाला पाणी द्यावं लागतं, त्यालाच दारं धरणं म्हणतात. आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. दीड तास बोललो होतो आणि त्या बाईला त्या रात्री उपयोगी पडेल असं एक वाक्य त्यात नव्हतं. त्या रात्रीपासून मी बोलणं बदललं. आता मी संध्याकाळी सहा ते रात्री नऊ, आणि लाईट रात्रपाळीची असेल तर पहाटेपर्यंत, ह्या घरातली माणसं कुठं कुठं असतात एवढंच बोलतो.

पण त्याच्याही आधी हे बिबटे इथं कसे हे तुम्हाला नीट माहीत पाहिजे, कारण पहिला प्रश्न तोच येतो, "आमच्या लहानपणी नव्हते, आता कुठून आले, कुणी आणून सोडले?" कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे. त्यांच्या पाण्यानं जिथं बाजरी-मटकी व्हायची तिथं ऊस झाला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा, नंतर खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून परत फुटलेला ऊस. म्हणजे वर्ष-दीड वर्ष कुणी आत शिरत नाही असं दाट, गार, पाणी असलेलं रान. आणि भोवती शेळ्या, कुत्री, डुकरं. मादीला पिल्लं घालायला ह्याहून बरी जागा कुठली? आज उसात फिरणारे बरेचसे बिबटे उसातच जन्मलेत, त्यांनी डोंगरावरचं जंगल बघितलेलंसुद्धा नाही. त्यामुळं "जंगलातून भरकटून आला" हे वाक्य आपण वापरायचं नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात (अहिल्यानगर जिल्हा) वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला होता, त्यात शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले, तेही जिथं चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात अशा शेतीच्या भागात. आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा होता. हे कुत्र्याचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरा प्रश्न हमखास येतो तो पिंजऱ्याचा. "पकडा आणि लांब नेऊन सोडा." ह्यावर मान हलवून गप्प बसू नका आणि उगाच वादही घालू नका, ह्याच भागात काय झालं ते सांगा. २००१ पासून जुन्नर विभागात बिबटे धरून दुसरीकडं नेऊन सोडायचा सपाटा लावला होता, शंभराच्या वर धरले. १९९३ ते २००१ ह्या काळात वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले व्हायचे, ते २००१ ते २००३ मध्ये १७ वर गेले. कारण समजायला अवघड नाही. एक धरला की त्याची हद्द मोकळी पडते, तिथं दुसरा येतो, बऱ्याचदा तरणा आणि त्या भागाची ओळख नसलेला. आणि जो लांब सोडला तो अनोळखी रानात बिथरतो, परत घराकडं निघतो. आजोबा नावाचा नर तुम्ही ऐकला असेल, टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढला, गळ्यात कॉलर घालून २००९ साली माळशेज घाटात सोडला, तर गडी रेल्वे, हायवे, खाडी सगळं ओलांडून पार वसईच्या बाजूला जाऊन पोचला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून. ही गोष्ट गावात जरूर सांगा, लोक फार मन लावून ऐकतात, आणि "लांब सोडून उपयोग का नाही" हे न सांगता कळतं.

मात्र एक सांगतो. ज्या घरातलं माणूस गेलंय तिथं ही आकडेवारी तोंडातून काढायची नाही. २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे शिरूरच्या पिंपरखेड भागात लेकरं गेली, म्हातारं माणूस गेलं, लोक हायवेवर उतरले, आणि त्यांचा संताप शंभर टक्के रास्त होता. अशा वेळी गावात जनजागृती करायला जाऊ नका. जायचं असेल तर पाणी द्यायला, पंचनाम्याच्या कागदाला मदत करायला, आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या पोरांना शाळेत ने-आण करायला जा, आणि तोंड बंद ठेवा. माणूस मारणारा बिबट्या ठरावीक असेल तर त्याला धरायलाच पाहिजे, ह्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि तो मी गावात उघड बोलतो. आपण बिबट्याचे वकील म्हणून आलोय असं एकदा लोकांना वाटलं की पुढची पाच वर्षं त्या गावात तुमचं कुणी ऐकणार नाही.

बरं, मग करायचं काय. मी ज्याला संध्याकाळची फेरी म्हणतो ती पद्धत सांगतो, बाकी सगळं ह्याच्या मागून येतं. दिवस मावळायच्या आधी एका वस्तीवर जायचं, एकच घर घ्यायचं, आणि त्या घरातल्या कर्त्या बाईला म्हणायचं, मावशी, आतापासून झोपेपर्यंत तुम्ही जिथं जिथं जाता तिथं मी मागं मागं येतो. बास. पावलं मोजायची. मागच्या वर्षी आंबेगाव तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो, ओट्यापासून गोठा बावीस पावलं, गोठ्यापासून पाण्याची टाकी अकरा, आणि संडास घराच्या मागं, उसाला अगदी चिकटून, मधे चार पावलांचा बांध फक्त. बल्ब एक, तोही ओट्यावर, तोंड रस्त्याकडं. म्हणजे जिथं अंधारात बाई वाकून धार काढते तिथं उजेड नाही, आणि सात वर्षांची नात "जाऊन येते" म्हणून मागं पळते तिथं तर काहीच नाही. कुत्रं रात्री गोठ्याच्या मेढीला बाहेर बांधलेलं. मी काहीच बोललो नाही, नुसतं त्या आजींच्या हातात बॅटरी दिली आणि म्हटलं, ओट्यावरून नात दिसते का बघा. दिसत नव्हती. आजी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं वायर ओढून संडासापाशी बल्ब लावला, आणि त्या बाजूच्या उसाच्या दोन सऱ्या रिकाम्या ठेवायचं ठरवलं. मी सांगितलं असतं तर "बघू" म्हणाला असता.

हे बिबट्याच्या सवयीशी कसं जोडलंय तेवढं तुम्हाला समजावून सांगता आलं पाहिजे. बिबट्या उभ्या माणसाला सहसा भक्ष्य समजत नाही. त्याच्या नेहमीच्या शिकारी आडव्या आणि बुटक्या, कुत्रं, शेळी, डुक्कर. वाकून गवत कापणारी बाई, बसलेला माणूस, लहान पोर, हे अंधुक उजेडात त्याला त्याच मापाचं दिसतं. म्हणून लहान मूल एकटं नको, अंधारात उघड्यावर बसणं नको, गवत-भाजीची कामं दिवस वर असताना, शक्यतो दोघीजणींनी, आणि बोलत बोलत. रात्री दारं धरायला जाणाऱ्यानं एकटं जाऊ नये, जावंच लागलं तर मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावावी, घुंगराची काठी आपटत जावं, जोराची बॅटरी, आणि वाफ्यापाशी वाकायच्या आधी चौफेर उजेड फिरवावा. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ करायची नाही, हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं, मागं मागं सरकायचं आणि त्याला जायला वाट ठेवायची. आणि चावा-ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना, रेबीजची लस घ्यावीच लागते, हळद-चुना काही लावायचं नाही. हे लसीकरणाचं गावात फार कमी लोकांना माहीत असतं, लोकांना वाटतं रेबीज फक्त कुत्र्याचा.

रात्रीच्या लाईटचा विषय निघाला की लोक तुमच्यावरच चिडतील, "दिवसा थ्री फेज द्या, मग सांगा". त्यांचं बरोबर आहे. तिथं ग्रामसभेत ठराव करायला, अर्ज लिहायला मदत करा, तुमचं लिहिणं-वाचणं तिथं खरं कामाला येतं. पण "मी करून देतो" असा शब्द देऊ नका. लाईट, भरपाई, पिंजरा, नसबंदी, ह्यातलं काहीच तुमच्या हातात नाही, आणि पोकळ शब्द दिला तर तो तुमच्या मागून येणाऱ्या व्हॉलंटियरला फेडावा लागतो. भरपाईबद्दल इतकंच सांगायचं की जनावर मेलं तर ते हलवायचं नाही, पुरायचं नाही, लगेच गार्डला नाहीतर १९२६ ला फोन करायचा आणि पंचनामा होऊ द्यायचा. जनावर हलवल्यामुळं भरपाई अडकली आणि घरधनी कायमचा खात्यावर रुसला अशी घरं मी बघितलीत.

आता कुत्र्याचं. इथं पोल्ट्र्या भरपूर. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात नाहीतर रस्त्याकडेला टाकल्या जातात, त्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांमागं बिबट्या वस्तीत येतो. ह्या कामात पोल्ट्रीवाल्याशी दोस्ती करणं हे दहा व्याख्यानांपेक्षा मोलाचं आहे असं माझं पक्कं मत झालंय. खड्डा काढून, चुना टाकून पुरायला त्याला जेसीबीची एक फेरी लागते, आणि चार पोल्ट्रीवाल्यांनी मिळून केलं तर खर्च वाटला जातो. हे बोलणं मुख्य रस्त्यावर नाही, त्याच्या शेडवर जाऊन, चहा घेत करायचं, चारचौघात बोललात तर त्याला वाटणार आपल्यावर आळ घेतायत.

शाळांचं म्हणाल तर जरूर जा, पण एक पोरगं-एक चित्र असं करून घ्या. चौथी-पाचवीच्या मुलांना स्वतःच्या घराचा नकाशा काढायला सांगायचा, घर, गोठा, संडास, ऊस, विहीर, आणि अंधार असतो तिथं काळा रंग. मुलं इतकं खरं काढतात की बस. तो कागद घरी जातो, भिंतीला चिकटतो, आणि बाप तो बघतो. ठसे ओळखायलाही शिकवा, मुलांना फार आवडतं. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या उमटत नाहीत, ठसा गोलसर असतो आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. ह्याचा फायदा असा की निम्म्या अफवा शाळेतली पोरंच मोडून काढतात. व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला जुना व्हिडिओ "आपल्या गावातला कालचा" म्हणून फिरतो, आणि रात्रीत पन्नास माणसं काठ्या घेऊन उसात शिरतात, आणि तिथंच अपघात होतो. गार्डला विचारल्याशिवाय काही फॉरवर्ड करायचं नाही हा नियम आधी स्वतःला लावा, मग गावाला.

सगळ्यात दुर्लक्षित माणसं कोण असतील तर ऊसतोडीच्या टोळ्या आणि धनगर. गावच्या ग्रामसभेला ते नसतात, फ्लेक्स त्यांच्यासाठी नसतो. टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात, कोप्या (राहायच्या झोपड्या) ऊस तोडलेल्या रानातच, पहाटे तीन-चारला फडात (तोड चालू असलेल्या उसात), लेकरं उसाच्या पाचटावर झोपवलेली. तिथं मुकादमाला भेटा, लेकरांना कोपीच्या मधल्या बाजूला झोपवायचं, आई फडात असताना एक मोठं माणूस लेकरांपाशी थांबलं पाहिजे, कोप्यांपाशी रात्रभर उजेड राहील असं बघायचं, हे ठरवून घ्या, कारखान्याच्या शेतकी विभागालाही सांगून ठेवा. धनगरांकडं मात्र शिकायला जा. वाघर (जाळीचं कुंपण) लावून मेंढरं मधे, कुत्री भोवती, माणूस कडेला, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं शास्त्र आहे, आपण फक्त चांगली बॅटरी आणि लेकरांसाठी आतली जागा एवढंच सुचवायचं. आणि पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत वाघबारस अजून होते, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, त्या दिवशी बोलावलं तर जा, जेवा, ऐका, आणि तिथं भाषण करू नका.

तोडणीत पिल्लं सापडतात ती वेळ व्हॉलंटियरची खरी परीक्षा असते म्हणून ते सांगतो. फोन येतो, फडात पिल्लं आहेत. तोपर्यंत शंभर माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कुणीतरी पिल्लू उचलून घेतलेलं. मादी जवळच असते, बाजूच्या न तोडलेल्या उसात, आणि ती ऐकत असते. तुमचं काम एकच, तोड थांबवायला लावायची आणि गर्दी लांब न्यायची, आवाज न चढवता. बाकी खात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे डॉक्टर येऊन पिल्लं तपासतात, संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात. बहुतेक वेळा मादी येते, एकेक करून तोंडात धरून घेऊन जाते. एकदा पहिल्या रात्री आली नाही, गावकरी म्हणाले आता पिंजराच लावा, आम्ही शेतकऱ्याच्या हातापाया पडून अजून एक रात्र मागितली. दुसऱ्या रात्री पावणेदहाला आली. सकाळी त्या शेतकऱ्यानं स्वतः सगळ्या वस्तीला बोलावून मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला, आणि "आई हाये ती पण" एवढंच बोलला. पिल्लं उचलून नेली असती तर चिडलेली मादी त्याच रानात फिरत राहिली असती, हे त्या वस्तीला आता मी सांगावं लागत नाही.

वेळेचं म्हणाल तर महिन्यातून एकच वीकेंड द्या, पण एकच गाव धरा आणि दोन वर्षं तेच ठेवा. दहा गावं करून फोटो काढणाऱ्यांपेक्षा मला एका वाडीवर चोवीस वेळा गेलेला माणूस हवाय. त्याला कुठला बल्ब उडालाय ते माहीत असतं, कुठल्या गोठ्याला जाळी लागली पण वरून उघडी राहिली ते माहीत असतं (बिबट्या भिंत चढतो, वरून पण जाळी लागतेच), आणि त्याला बघून मावशी हाक मारते. सभेची जागा शोधत बसू नका, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीवर उभे राहा, कॅन घेऊन अख्खं गाव तिथं येतं.

पहिल्या फेरीला येताना शुक्रवारीच निघा म्हणजे शनिवारी सकाळी डेअरीला सापडाल. मुक्कामाची तयारी ठेवा, कारण काम संध्याकाळी सुरू होतं आणि तेव्हा परतीची एसटी गेलेली असते. दोन चांगल्या बॅटऱ्या आणा, एक तुम्हाला, एक ज्या घरी फेरी माराल तिथं ठेवून यायला. बूट पायात पाहिजेत. आणि आधी गार्डला फोन करून विचारा की सध्या कुठल्या वस्तीवर तोड चालू आहे, तोड चालू असेल तर तिथूनच सुरुवात करा, कारण ऊस कमी होत गेला की बिबट्या जागा बदलतो आणि त्या आठवड्यांत तो नव्या घरांजवळ येतो.